पेटीतले काका

मित्रांनो, मी एक जुना कॉलर माइक आहे. शेंगदाण्याएवढा, पण कानाने तिखट. कारखान्यातून निघालो तो थेट टीव्हीच्या एका गुन्हेगारी मालिकेत आलो. तिथे विनोदी हवालदाराचं काम करणाऱ्या काकांच्या शर्टाच्या आत मला चिकटवत. खून, पाठलाग यांत लोकांना जरा हसू यावं म्हणून काका होते. त्यांच्या छातीची धडधड माझ्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती.

आवाजाचं काम बघणारी ताई सुरुवातीला मला मऊ फडक्याने पुसायची. पुढे माझी वायर मुळाशी तुटत आली आणि मी खरखरू लागलो. ताईने नवी वायर मागितली, तर मॅनेजर म्हणाले, चालतंय तोवर चालू द्या.

आमच्याकडे एक रीत होती. काका आयत्या वेळी काहीही बोलले तरी शूटिंग थांबवायचं नाही. त्यांच्या त्या पदरच्या वाक्यांवरच तर मालिका तरली होती.

त्या दिवशी गुंड काकांना लाकडी पेटीत कोंबतात, असा प्रसंग होता. आतून काकांनी ‘मेलो, मेलो’ ओरडायचं आणि प्रेक्षकांनी हसायचं. पेटीची हवेची भोकं कॅमेऱ्यात दिसतात म्हणून कुणीतरी बुजवून टाकली होती. आत धुळकट पोती, त्यात काकांना दमा. झाकण पडलं आणि कडी अडकली.

पहिलं ‘मेलो’ खोटं होतं. दुसऱ्यानंतर त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला.

“अहो, खरंच उघडा. मस्करी नाही करत मी,” काका म्हणाले.

बाहेर सगळे तोंडावर हात दाबून हसू आवरत होते. काकांनी काय रंगवलंय, असंच त्यांना वाटत होतं. मी जिवाच्या आकांताने तो श्वास ताईच्या कानाशी पोचवत होतो आणि माझी मेली वायर खरखरत होती. ताईने वैतागून हेडफोन काढला. काकांची नखं लाकडावर घासत होती, मग तीही थांबली. इतका लाचार मी कधीच झालो नव्हतो.

ताईने हेडफोन पुन्हा लावला. खरखरीमागे काहीच नव्हतं.

“काका गप्प कसे?” ती पुटपुटली आणि चालू कॅमेऱ्यासमोरून धावत सुटली. दिग्दर्शक तिच्यावर खेकसले. कडी तोडली तेव्हा काका निळे पडले होते. मागे कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. तोंडाला दम्याचा पंप लावल्यावर बऱ्याच वेळाने त्यांच्या छातीतली शिट्टी उतरली.

काका वाचले, पण आता ते लिहून दिलेलं तेवढंच बोलतात. मी खणात पडून आहे.

मित्रांनो, आमच्यासारख्यांच्या वायरी वेळेवर बदला. आणि हसवणारा माणूस ‘मेलो’ म्हणाला, तर आधी झाकण उघडा. हसायचं ते मग हसा.