माकुलांना मूठमाती

मुरुमला तूर-हरभऱ्याची अडत चालवणाऱ्या भीमाशंकर अप्पांची लेक गोव्याला समुद्रावर संशोधन करते, हे साऱ्या पेठेला ठाऊक होतं. कशावर, असं कुणी विचारलं की अप्पा ऐटीत सांगत, "शेवाळावर." शिवलीलानंच त्यांना तसं सांगितलं होतं. लिंगायताच्या घरात, जिथं अंड्याचं नावही दबक्या आवाजात घेतात, तिथून खरं सांगून तिला कोण पाठवणार होतं?

खरं म्हणजे ती खोल समुद्रातल्या छोट्या माकुलांवर काम करत होती. मासळीबरोबर विकतात त्या स्क्विडांचे भाऊबंद हे, अंगठ्याएवढे, मऊ, दहा हातांचे. अंगावर कारळ्याएवढे ठिपके, जे अंधारात उजळतात. सोलापूरच्या एका कॉलेजात दाखवायला तिनं थोडे स्पिरिटच्या बाटलीत भरून आणले, बाटली ओढणीत गुंडाळली, आणि घरी आल्या आल्या पिशवीतले कपडे धुवायला काढायची आईची सवय विसरली. शिकलेलं माणूस विसरतं ते असलंच.

अंघोळ करून ती परसात आली, तेव्हा तिची आई चन्नम्मा पेरूखाली खड्डा खणून बसली होती. माकूल धुऊन बेलाच्या पानांवर ठेवलेले, प्रत्येकाला विभूती लावलेली. लिंगायतांत माणूस पुरतात, जाळत नाहीत. ह्यांचंही तिनं रीतीनंच चालवलं होतं.

"अव्वा, हे काय करतेस?"

"डोळे बघ की गं, तान्ह्या लेकरावानी. असं बाटलीत कोंडून ठिवतेत व्हय? कशानं मेले?"

"मेलेलेच सापडले. शेवाळात."

"तरी म्या म्हणलं, माझी लेक जीव मारायची न्हाय." चन्नम्मानं उरलेली विभूती तिच्या कपाळाला लावली.

ते बोट कपाळाला टेकलं आणि शिवलीलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई रागावली असती तर परवडलं असतं.

"खोटं बोलले, अव्वा. शेवाळ-बिवाळ काही नाही. जाळं आमचंच होतं. वर आले तेव्हा हलत होते."

चन्नम्मानं पानं अलगद खड्ड्यात ठेवली आणि सरकून लेकीला जागा दिली.

"मग माती तूच दे. आन् पुन्यांदा असलं करणार न्हाय, म्हन."

शिवलीलानं मूठ भरली. पुढच्या महिन्यात तिची बोट पुन्हा निघणार होती.

"नाही करणार," ती म्हणाली आणि माती टाकली.