सेलूच्या जिनिंगमधला मेगर

मी मेगर. नावावरून कुणी बडा साहेब असेन असं वाटतं. आहे मात्र एक लाकडी पेटी. बाजूला दांडा, वर काच, काचेखाली सुई. दांडा गरगर फिरवला की माझ्यातूनच थोडी वीज निघते आणि तारांची परीक्षा घेते. सगळं धड असेल तर सुई वर चढते. वीज कुठं झिरपत असेल तर शून्यावर पडते. मग तिथं हात लावणाऱ्याचं काही खरं नसतं.

जन्म विलायतेतला. बोटीनं मुंबईला उतरलो, तिथून निजाम सरकारच्या कचेरीत. तिथं बरीच वर्षं माझा उपयोग एकच, चहाचे पेले ठेवायला. मग विजेची तपासणी करणारे दिनकरराव इन्स्पेक्टर आले. त्यांनी मला पुसलं आणि रेल्वेनं सेलूला नेलं.

तिथं माणिकरावांचं नवं जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, उभं राहिलं होतं. वालूरकडून कापसाच्या गाड्या येऊन थांबल्या होत्या. पण तपासणीचा दाखला मिळाल्याशिवाय वीज सोडता येत नव्हती. तारा ओढल्या होत्या बन्सीधरनं. त्याचं हे पहिलंच मोठं काम. त्याची नवी नवरी लीला भाकरी घेऊन दाराशी उभी होती; नजर नवऱ्यावर कमी, माझ्यावर जास्त.

दिनकररावांनी मला तारा आणि यंत्रं फिरवणारी विजेची मोटार यांना एकत्रच जोडलं आणि दांडा फिरवला. सुई शून्यावर!

"तारा वढल्यास का सुतळ्या?" माणिकराव कडाडले. "हैदराबादचा माणूस बोलवतो मी. तू चालू लाग!"

"तारा चांगल्या हायती, मालक," बन्सीधर कसाबसा म्हणाला.

तेवढ्यात माणिकरावांच्या आई, चतुराबाई, पुढं आल्या. "असं कसं बिघडंल? सकाळीच मोटारीची पूजा केली म्या. हळदकुंकू लावलं, नारळ बी फोडला."

"कुठं फोडला, माय?" दिनकररावांनी विचारलं.

"कुठं म्हंजी? तिच्याच डोस्क्यावर! उंबऱ्यावर फोडून तिला काय मिळणार?"

लीलानं पदर तोंडाला लावला.

दिनकररावांनी मोटार सोडवून मला नुसत्या तारांना जोडलं. सुई झरझर वर गेली. मग नुसत्या मोटारीला जोडलं; पुन्हा शून्य. झाकण काढलं तर आत खोबऱ्याचे तुकडे आणि कुंकवाचा चिखल.

"बन्सीधरचं काम पक्कं आहे," ते म्हणाले. "मोटारीनं प्रसाद जरा जास्त घेतलाय."

माणिकराव नरमले, पण जिनिंग सुरू करायचा आजचा मुहूर्त सोडवेना. "येवढ्याशा पाण्यानं काय हुतंय, साहेब? सही करून टाका."

"उद्या हिच्याजवळ बाया सरकी गोळा करतील. पहिला हात कुणाचा लागू द्यायचा?"

उत्तर दिलं चतुराबाईंनी. "मुहूर्त दुसरा काढता येतो रे. बाया दुसऱ्या कुठून आणशील?"

मग मोटार पुसली, भोवती शेगड्या मांडल्या, वरून ताडपत्री टाकली. बाळंतिणीला शेक द्यावा तसा बन्सीधर तिला शेकत बसला. निखारे फुंकायला खुद्द चतुराबाई! मोटार पुरती वाळल्यावर दिनकररावांनी दांडा बन्सीधरच्याच हाती दिला. सुई थरथरली, जराशी हलली आणि मग चढतच गेली.

दाखल्यावर सही झाली. माणिकराव बन्सीधरला म्हणाले, "माझा मेव्हणा पूर्ण्याला जिनिंग बांधायलाय. तिथल्या तारा बी तूच वढ."

आज आम्ही पूर्ण्याला जाणाऱ्या रेल्वेत आहोत. मी दिनकररावांच्या मांडीवर, समोर बन्सीधर आणि लीला. माझी सुई पडली की लोक माझ्यावर डोळे वटारतात. वटारा खुशाल. पण सहीची घाई करू नका. त्या दिवशी माझ्यामुळं कुणीतरी संध्याकाळी धडधाकट घरी जाणार असतं, आणि त्याला ते ठाऊकही नसतं.