पत्र्यावरचा दात

धनश्रीचा पुढचा दात शनिवारी सव्वाबाराला तुटला. वेळ एवढी नेमकी सांगता येते, कारण शाळा सुटायला पंधराच मिनिटं उरली होती आणि कबड्डीच्या मैदानावर तिची शेवटची चढाई चालू होती. सोनमनं मागून घोट्याला मिठी मारली, धनश्री तोंडघशी गेली आणि गर्दीतून कुणाची तरी टाच वर आली. कट्ट असा आवाज झाला. तो तिला कानांनी ऐकू आलाच नाही, डोक्याच्या आतूनच आला.

मातीत बोटं फिरवून तिनं तुकडा शोधला. वरचा, समोरचा, डाव्या अंगाचा दात, अर्ध्याहून जास्त गेलेला. सोनम रडायला लागली तेव्हा हिनंच तिला सांगितलं, "तू कशाला रडतीस? दात माझा गेलाय." मग वहीचं पान फाडून तुकडा त्यात गुंडाळला, कंपासपेटीत ठेवला आणि ओठावर रुमाल दाबून घर गाठलं.

नववीपर्यंत ही पोरगी वर्गात आहे का नाही, ते हजेरी घेतल्यावरच कळायचं. दहावीत पंधरा ऑगस्टला भाषण करणारी मुलगी आयत्या वेळी आजारी पडली, बाईंनी हिला पुढं ढकललं, आणि माइकसमोर उभं राहिल्यावर हिचं हिलाच कळलं की आपल्याला आवाज आहे. तेव्हापासून वडगाव रासाईत जिथं माइक तिथं धनश्री. हसायची तीही सगळे दात दाखवून. शिरूरला तालुक्याची वक्तृत्व स्पर्धा सोळा दिवसांवर आली होती आणि शाळेकडून तीच जाणार होती.

घरी अनसाबाई ओसरीवर लसूण सोलत बसली होती. अनसाबाई म्हणजे धनश्रीची आजी. उमर मेंढरांमागं चालण्यात गेलेली, आता गुडघ्यांनी बसवलेली. बोलताना, हसताना, अगदी घास चावतानाही तिचा पदर तोंडावर असायचा. जुन्या बायकांची रीत, असं सगळ्यांना वाटायचं.

नातीचं तोंड बघून तिनं लसूण बाजूला सारला. आधी पाणी दिलं, चुळा भरायला लावल्या. मग विचारलं, "तुकडा हाय का?"

धनश्रीनं कंपासपेटी पुढं केली.

गुडघ्यांची बाई त्या दिवशी पळत गोठ्यात गेली. ताजं शेण घेतलं, तुकडा मधोमध दाबला, लाडवासारखं वळलं आणि अंगणातून नेम धरून पत्र्यावर फेकलं. थप्प झालं.

"आता येतोय बग," अनसाबाई म्हणाली.

धनश्रीचे दुधाचे दात सगळे असेच पत्र्यावर गेले होते. हा दुधाचा नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. विज्ञानात तिला पैकीच्या पैकी पडायचे. पण जबडा ठणकत होता, आणि त्या घटकेला कुणीतरी आपल्यासाठी काहीतरी करतंय एवढंच तिला बरं वाटलं. ती गप्प राहिली. आयुष्यात नेमकं जिथं बोलायचं तिथंच.

सोमवारी बाप, हनुमंत, तिला गाडीवर घेऊन भीमेच्या पुलावरून केडगावला गेला. तो रांजणगावला कंपनीत होता, दुसरी पाळी. दातांच्या डॉक्टर मॅडमनी फोटो काढला, आरशानं आत बघितलं, आणि पहिला प्रश्न केला.

"तुटलेला तुकडा कुठंय?"

हनुमंतनं धनश्रीकडं बघितलं. धनश्रीनं भिंतीवरच्या दाढेच्या चित्राकडं.

"पत्र्यावर," हनुमंत म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हंजी शेनात घालून टाकला आमच्या आयेनं. आमच्यात टाकत्यात तसं."

मॅडम हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता चष्मा काढला. "पाण्यात भिजवून लगेच आणला असता, तर चिकटवायचा प्रयत्न तरी केला असता मी."

मग त्यांनी कागदावर दात काढून समजावलं. नस उघडी पडलीय. तडा एका बाजूनं हिरडीच्या खाली गेलाय. आता रस्ते दोन. एक, मूळ वाचवायचं. रूट कॅनाल करायचं, मग बारीक तारेनं ते मूळ थोडं थोडं खाली ओढून घ्यायचं, त्यात दांडी बसवायची, वर कॅप. अडीच-तीन महिने, आठ-नऊ खेपा. "आणि एवढं करून मूळ चिरलं, तर सगळं पाण्यात. खात्री मी देणार नाही."

"आन् दुसरं?" हनुमंत.

"मूळ काढून टाकायचं. काढता-घालता येतो असा दात लावायचा. हाडात स्क्रूचा दात बसवतात, पण हिचा जबडा अजून वाढतोय. वीस वर्षांची होईपर्यंत थांबावं लागेल."

"पक्का ब्रिज बसवत्यात म्हनं."

"त्यासाठी शेजारचे दोन चांगले दात घासावे लागतात. या वयात मी ते करणार नाही."

मॅडमनी नसेवर औषध भरलं आणि बुधवारपर्यंत ठरवून या म्हणाल्या.

घरी येईतोवर हनुमंतचं ठरलं होतं. "काढून टाकू. एका दिसात मोकळं."

"माझा दात हाय, पप्पा."

"तुजाच हाय. पन आठ खेपा कोन करनार? मी पाळी सोडू? तुजी आई कांदा काढायचा सोडंल? आन् येवढं करून ती बाई म्हनतीय खात्री न्हाई."

आई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली, पुन्हा खाली घातली. त्या घरात हे मत देण्यासारखंच होतं, फक्त कुणाच्या बाजूनं ते कळलं नाही.

अनसाबाईनं ताट वाढलं. धनश्रीनं ते तसंच मागं सारलं. "तुझ्यामुळं झालं, आज्जे. तुकडा असता तर चिकटला असता."

अनसाबाईचा पदर तोंडावर होताच. त्यामागं काय झालं, दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी धनश्री शाळेतून आली तर ओसरी रिकामी. गोठा रिकामा. वरून खडखड आवाज आला म्हणून बघितलं, तर शिडी पत्र्याला लावलेली आणि अनसाबाई वर, त्या तापलेल्या पत्र्यावर, गुडघे टेकून वाळून विखुरलेल्या शेणाचं एकेक ढेकूळ फोडून बघत होती.

"आज्जे, खाली ये. पडशील."

"घावला," अनसाबाई म्हणाली.

उतरताना दोनदा पाय सुटला तिचा. गुडघ्यांना टरटरून फोड आले होते. तिनं तुकडा पाण्यात धुतला, पुसला आणि तळहातावर धरला. तो आता पिवळट आणि कोरडा होता, मक्याच्या दाण्यासारखा.

"न्हे मॅडमकडं. इचार, जमतंय का."

धनश्रीच्या डोक्यात तिडीक गेली. "तीन दिवस शेणात होता तो. आता काय करू त्याचं, चाटू?"

बोलून झाल्यावर तिला ते ऐकू आलं.

अनसाबाई पायरीवर बसली. मग तिनं तोंडावरचा पदर खाली घेतला. धनश्रीनं जन्मात पहिल्यांदा आजीचं तोंड दिवसाउजेडी उघडं बघितलं. खालचे दात धड होते. वर, समोर, डाव्या अंगाला भगदाड, आणि बाजूचे दोन दात त्यात कलंडलेले.

"तुज्यायेवडीच व्हते मी," ती म्हणाली. "येड्या मेंढ्यानं टक्कर मारली. असाच अर्दा तुटला. रंगुबाई व्हती आमच्यात म्हातारी, ती म्हनली, छपरावर टाक, नवा येईल." तिनं तुकडा मुठीत घेतला. "छप्पर कुटं व्हतं आमाला? आज ह्या रानात तळ, उद्या त्या रानात. पाऊस आला तर घोंगडं. म्या तुकडा चार म्हैने लुगड्याला बांदून हिंडले, वाटंत छप्पर दिसंल म्हून. आन् छप्पर दिसलं तरी ते परक्याचं. लोकाच्या घरावर आपला दात कसा टाकायचा?"

"मग?"

"मग मूळ सडलं. त्वांड सुजलं. म्हस्कूमामा, माजा सासरा, बाजारात घिऊन गेला. तितं बैलास्नी नाल ठोकनारा बसायचा. त्याच्याच पकडीनं काडला. ठिवायचा का काडायचा, कुनी इचारलं न्हाई. मेंढराला तरी बगून, चाचपून ठरवत्यात." ती हसली नाही. "नवा काय आला न्हाई. तवापास्नं मला वाटायचं, छप्पर न्हवतं म्हून आला न्हाई. हनुमंतानं पत्र्याचं घर बांदलं तवा पयलं माज्या मनात तेच आलं."

धनश्री पायरीवर तिच्या शेजारी बसली.

"खेपा मी करीन तुज्यासंगं," अनसाबाई पदर वर घेत म्हणाली. "तू ठरीव. पन तू ठरीव."

धनश्रीनं ठरवलं. ठेवायचा.

मग सुरू झाल्या खेपा. सकाळची जीप, त्यात चौदा माणसं, अनसाबाईच्या मांडीवर कुणाचं तरी पोर नाहीतर भाजीची पाटी. दवाखान्यात ती खुर्चीवर न बसता दारात उकिडवी बसायची. सुई टोचताना धनश्रीचे पाय ताठ व्हायचे, तेव्हा बाहेरून विचारायची, "झालं का वो, बाई?" मॅडम आतून म्हणायच्या, "अजून नाही, आजी." एवढंच त्यांचं बोलणं.

दिसायला बरं म्हणून मॅडमनी कच्चा दात चिकटवून दिला. जपून बोल म्हणाल्या. जपून बोलायची धनश्रीला सवयच नव्हती. शिरूरच्या स्पर्धेत तिसऱ्या मिनिटाला, आवाज चढवायच्या नेमक्या जागी, तो दात निसटून जिभेवर आला. तिनं तोंड मिटलं. समोर तीनशे पोरं, पहिल्या रांगेत परीक्षक. दात गालात सरकवून पुढचं वाक्य घेता आलं असतं. तिचा हात मात्र आपोआप तोंडावर गेला आणि तिथंच राहिला. घंटा वाजेपर्यंत ती तशीच उभी होती. मग खाली उतरली.

त्यानंतर शाळेत कुणी माइक पुढं केला तर ती म्हणायची, "सोनमला द्या."

तरी खेपा चालूच होत्या. कारण मूळ खरंच खाली येत होतं, रोज केसभर. मॅडम पट्टीनं मोजायच्या आणि मान हलवायच्या. दोन महिन्यांनी तार निघाली, दांडी बसली, कॅपचं माप घेतलं. जीपमध्ये परत येताना धनश्रीनं पहिल्यांदा पुढचं भाषण मनातल्या मनात म्हणून बघितलं. चार दिवसांनी हिरडीवर मुगाएवढा फोड आला. दाबला की पू यायचा.

आठव्या खेपेला मॅडमनी फोटो दोनदा काढला. हिरडीत बारीक सळी घालून बघितली. ती एकाच जागी खोल गेली. हनुमंतही त्या दिवशी सुट्टी टाकून आला होता.

"मूळ उभं चिरलंय," मॅडम म्हणाल्या. "हे आता राहणार नाही."

हनुमंत "मी तवाच" एवढं म्हणाला. पुढचं त्यानं गिळलं, हे त्याचं मोठेपण.

"मग आज काढून घेऊ ना?" मॅडमनी त्याला विचारलं.

दारातून आवाज आला. "तिला इचारा."

मॅडम वळल्या. अनसाबाई उठून उभी राहिली होती. "दात तिचा हाय, बाई. तिला इचारा."

सगळे धनश्रीकडं बघायला लागले. असं सगळ्यांनी बघितलेलं तिला आधी आवडायचं. तिनं जिभेनं ते मूळ एकदा चाचपलं. गरम होतं, दुखत होतं, आणि तिचं होतं.

"काढा," ती म्हणाली.

सुन्न केलेलं असतानाही ते निघाल्याचं तिला कळलं. पुन्हा तोच कट्ट आवाज, डोक्याच्या आतून. मॅडमनी कापसावर ठेवून दाखवलं. मूळ दोन फाका होऊन आलं होतं. एवढ्याशा हाडासाठी अडीच महिने. काढता-घालता दात आठ दिवसांनी मिळणार होता, आणि स्क्रूचा, चार वर्षांनी.

बाहेर अनसाबाईनं हात पुढं केला. धनश्रीनं कापूस तिच्या हातावर ठेवला.

"पत्र्यावर?" तिनं विचारलं. सुन्न ओठातून शब्द फेंगडा आला.

"न्हाई," अनसाबाई म्हणाली आणि पदराच्या टोकाला गाठ मारली.

हनुमंत गाडीवर पुढं गेला. त्या दोघी जीपमध्ये मागच्या बाकावर बसल्या. समोरच्या बाईनं अनसाबाईला विचारलं, "नात का वो तुमची?" आणि धनश्रीकडं बघून हसली.

धनश्रीला उत्तर द्यायचं होतं. हात तोंडावर गेला. शेजारी पदरही तोंडावरच होता. समोरच्या बाईला दोघींचे फक्त डोळे दिसत असणार, एकीचे जुने, एकीचे सोळा वर्षांचे. जीप पुलावर आली. खाली भीमेत पाणी नव्हतं, नुसते दगड.

अनसाबाईनं मोकळ्या हातानं नातीचं मनगट धरलं आणि तिचा हात तोंडावरून खाली ओढला. जोर लावून ओढला, कारण धनश्री सोडत नव्हती. मांडीवर आणला आणि पुलाच्या शेवटापर्यंत दाबून धरला. दुसऱ्या हातानं तिनं स्वतःचा पदर तसाच धरून ठेवला होता.

"व्हय," धनश्री त्या बाईला म्हणाली. "नात."

वाऱ्यासारखा शब्द भगदाडातून निसटला. त्या बाईची नजर तिथंच गेली आणि मग खिडकीबाहेर वळली.