आठ बार

बहात्तर साली कमठाण्याच्या शिवारात जगदेवप्पाच्या विहिरीचा लाल जांभा संपला, खाली काळा खडक लागला, आणि त्या दिवसापासून सुरुंगाचे बार मोजायचं काम नरसिंगकडं आलं. काळ्या खडकाला पहार पुरत नाही, सुरुंग लागतो. खोदणारी सगळी माणसं बौद्धवाड्यातली. पाणी लागेस्तोवर विहीर त्यांची. पाणी लागलं की त्यांनी लांब उभं राहायचं आणि दुसऱ्यानं वरून ओतलेलं घ्यायचं. त्यांनी धर्म बदलून सोळा वर्षं झाली होती. गावातल्या विहिरींनी काही बदलला नव्हता.

रोज दुपारी खाली आठ भोकांत दारू ठासायची. वाती लहानमोठ्या कापायच्या, म्हणजे बार एकामागून एक उडतात. पेटवायचा मारोती, नरसिंगच्या बहिणीचा, सरुबाईचा नवरा. दोर धरून तो वर आला की सगळ्यांनी बांधाआड बसायचं आणि नरसिंगनं मोजायचं. बाकी कुणी मोजत नसे, ते आपापलं डोकं वाचवत. आठ भरले तर मारोती पहिला खाली उतरणार. एक जरी कमी पडला तर न उडालेली दारू ढिगाऱ्याखाली जिवंत आहे असं धरायचं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत विहिरीत पाय घालायचा नाही. वरून वाकून बघण्यात अर्थ नसतो. फुटलेल्या दगडाखाली सगळी भोकं झाकलेली असतात.

त्या दिवशी जगदेवप्पानं पाहुणा आणला होता. किशनराव, बिदरचा, विहिरीवर बसवायची इंजिनं विकणारा. दोघं नरसिंगच्या मागं बांधाला टेकून इंजिनाच्या गोष्टी करत बसले. त्यांचा आवाज नरसिंगच्या कानावर पडत होता, पण आत कुणी घेत नव्हतं. त्याचा सगळा जीव विहिरीच्या तोंडाशी होता.

एक. दोन. तीन, चार लागोपाठ. पाच.

"तो नरसिंग ना? कानानं अधू झालाय. पाणी लागलं की काढतो त्याला," जगदेवप्पा पाहुण्याला म्हणाला.

इतका वेळ मागच्या बोलण्यातला एक शब्दही न घेतलेला कान नाव आल्याबरोबर गर्रकन तिकडं वळला. नरसिंगला विचारून वळला नाही. वळला एवढं खरं. किती वेळ? एखादा श्वास. मग धडाम. मग पुन्हा धडाम. मग काहीच नाही.

पाच आणि दोन सात. का त्या श्वासात एक उडून गेला, तोही लागोपाठ?

"झाले आठ," मारोती उठत म्हणाला. "उतरतो मी."

"थांबा दाजी. तुम्ही मोजले?"

"मी कामून मोजू? रोज आठच असतेत की."

"मलाबी आठच वाटले, अण्णा," सरुबाई म्हणाली.

"वाटले का मोजलीस?"

तिनं पाटी उचलून पुढ्यात घेतली.

जगदेवप्पा धोतर झटकत पुढं आला. "काय चालवलायस रे? आकडा सांग अन् लाव माणसं कामाला."

"ध्यान सुटलं, अप्पा."

"कशानं सुटलं?"

"तुम्ही माझं नाव घेतलं, त्यानं."

जगदेवप्पानं पाहुण्याकडं पाहिलं. पाहुणा विहिरीकडं बघायला लागला.

मारोतीला मेव्हण्याची बाजू घ्यायची होती. "अप्पा, ह्याचं ध्यान कुठं सुटतंय? एवढा धोंडा उडून आला, ह्याच्या पायापासून हातभर पडला. आम्ही बोंबललो. हा हललाबी न्हाई."

नरसिंगनं खाली पाहिलं. डोक्याएवढा काळा दगड मातीत रुतून बसला होता. मघाशी तिथं नव्हता. तो पडताना नरसिंगनं पाहिला नव्हता, त्यांचं बोंबलणं ऐकलं नव्हतं. समोर पडलेला एवढा धोंडा आपल्याला कळत नाही, तर मघाच्या श्वासात काय झालं आणि काय नाही, त्याची हमी कुणाच्या जिवावर द्यायची? मारोतीच्या?

"सात," तो म्हणाला.

"आत्ता म्हणालास ध्यान सुटलं."

"ध्यान सुटलं म्हणजे सातच, अप्पा. आपल्या माणसाला खाली सोडायचं असतं तर तुम्हीबी सातच म्हणाले असते."

काम थांबलं. अर्ध्या दिवसाची मजुरी सगळ्यांचीच बुडाली, आणि बौद्धवाड्यापर्यंत जाताना नरसिंगशी कुणी धड बोललं नाही. सरुबाई मात्र बोलली. "धोंडा पडलेला दिसत न्हाई तुला, नाव घेतलेलं बरं ऐकू येतंय."

सकाळी नरसिंग स्वतःच उतरला. दुसऱ्या कुणाला दोराला हात लावू दिला नाही. ओलसर दगड एकेक करून बाजूला सारले. एक भोक फुटलेलं. दुसरं फुटलेलं. आठवं सापडेपर्यंत अंगातला सदरा घामानं पाठीला चिकटला. आठही उडाले होते.

नरसिंगनं वर येऊन सांगितल्यावर जगदेवप्पा पोट धरून हसला, आणि मोजायचं काम त्यानं पुतण्याला, चन्नबसप्पाला दिलं. नरसिंगच्या डोक्यावर दगडाची पाटी आली. त्याची चूक नव्हती, आणि तरी शिक्षा त्यालाच. न कळलेलं कळलं म्हणून सांगणाऱ्याला ह्या मुलखात कुणी काढत नाही. कळलं नाही म्हणणाऱ्याला काढतात.

तिसऱ्या दिवशी चन्नबसप्पा बाभळीखाली विडी ओढत मोजायला बसला. नरसिंगही बांधाआड डोळे मिटून मोजत होता. प्रत्येक बाराला एक बोट मिटत होता. आज कुणी नाव घेतलं नाही. कान कुठं हलला नाही.

"आठ," चन्नबसप्पा ओरडला. नरसिंगचीही आठ बोटं मिटलेली होती. त्यानं सुटकेचा श्वास टाकला. मारोतीनं दोर घेतला.

तेवढ्यात सरुबाई नरसिंगजवळ येऊन बसली. तिनं मूठ उघडली. आत खडे होते, बाराला एक.

"अण्णा, मी सात मोजले."

"मी आठ मोजले. चन्नबसप्पानंबी आठच."

"आसंल. माझंच चुकलं आसंल." तिनं मूठ मिटली नाही. "पण मोजले मी. वाटलं न्हाई."

नरसिंगनं बोटांकडं पाहिलं. खात्री होती. पुरेपूर होती. त्या धोंड्याच्या दिवशीही, धोंडा दाखवेपर्यंत, पायाशी काही पडलं नाही याची अशीच पुरेपूर खात्री असणार.

तो उठला, मारोतीच्या हातातून दोर काढून घेतला, त्याचं वेटोळं जमिनीवर टाकलं आणि त्यावर बसला.

"ऊठ रे," चन्नबसप्पा म्हणाला. "आठ झालेत. काय, तुला किती आले?"

"आठच आले," नरसिंग म्हणाला, आणि उठला नाही.