तसबीर कोणाची

सत्यवान मिठबावच्या समुद्रात बुडाला. प्रेत मिळालं नाही, आणि घरात त्याचा एकही फोटो नव्हता. त्याच्या बायकोने, सुगंधाने, बांद्याहून गुरुदास पेंटरला बोलावलं. दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस तो. म्हणाला, "तोंडच बघूक नाय, तर काढू काय?" तेव्हा तिने धाकट्या दिराला, लवूला, समोर बसवलं. दोघे भाऊ एका साच्यातले. गुरुदास लवूकडे बघून कापडावर रंग लावी आणि सुगंधा बाजूला उभी राहून सांगे, नाक जाड होतं, भुवई मधेच तुटलेली होती.

तसबीर भिंतीला लागली, हार चढला. आलंगेलं माणूस बघून म्हणे, "ह्यो तर लवू." सुगंधाला ते झोंबे. लवूची बायको मथुरा मात्र जित्या नवऱ्याच्या तोंडावर मेलेल्याचा हार बघून आतल्या आत जळे.

नारळी पुनवेनंतर पहिल्याच फेरीला लवूची होडी उलटली. सोबत्यांनी केसांना धरून त्याला वर ओढलं. त्याच सकाळी मथुरा कोयती घेऊन सुगंधाच्या घरात शिरली.

"माझ्या घोवाक जितोच मारूक बसलंस!"

"तो तुझो घोव नाय, माझो आसा," सुगंधा तसबिरीसमोर आडवी आली.

कोयती तिच्या तळहातातून गेली. रक्ताची चिळकांडी उडाली तरी तिने मथुरेचे केस सोडले नाहीत. दोघी भिंतीवर आदळल्या. मथुरेने हिसडा दिला आणि तसबिरीच्या तोंडावर घाव घातला, मग दुसरा, मग तिसरा. डोळे, नाक, ओठ लोंबायला लागले.

आरडाओरडा ऐकून लवू धावत आला. भिंतीकडे बघताच त्याचा हात आपल्याच गालावर गेला.

"माझ्या तोंडार कोयती घातलंस?"

त्याने मथुरेला उंबऱ्यावर आपटलं. हाड मोडल्याचा आवाज सुगंधाने ऐकला. तो लाथा घालतच राहिला. सुगंधाने कोपऱ्यातलं मुसळ उचललं आणि त्याच्या पाठीत हाणलं. तो गुडघ्यावर बसला आणि पोरासारखा रडायला लागला.

आठवड्याने गुरुदास आला. "लवूक परत बसव. नवा काढून दितंय."

"आधी खरा सांग. कोणाक काढलं हुतंस?"

"समोर लवू बसलो, पण काढलंय मी सत्यवानाक."

"मगे मथुरेन कोयती कोणाक मारल्यान?"

गुरुदासने फाटक्या कापडावरून बोट फिरवलं. म्हणाला, "माका सांगूक येवचा नाय, बाय."

तो गेल्यावर सुगंधाने डोळे मिटून नवऱ्याला आठवून पाहिलं. समोर आला तो रंगातला चेहरा, तीन घाव घातलेला. बुडालेला माणूस त्याच्यामागे कुठेतरी होता, पण दिसेना. तिने फाटकं कापड गुंडाळलं, किनाऱ्यावर जाऊन लाटेत सोडलं आणि मागे न बघता परतली.

मार खाल्ल्यापासून मथुरा तिच्याकडेच होती, हात फळ्यांत बांधलेला. सुगंधाने चुलीवर पेज ठेवली आणि तिला भरवायला बसली.