आवाज बदलला की

शिरूरच्या एसटी डेपोमागं पत्र्याची एकच खोली. दिवसा तिथं दोन माणसांची कामं चालायची. मायानं संगणकावर घरबसल्या डेटा भरायचा आणि तिच्या वडिलांनी, आबांनी, झोपायचं. आबा कित्येक वर्षं रांजणगावला एका कारखान्यात ठेकेदारामार्फत प्रेस मशीनवर होते. हिवाळ्यापासून कायमची रात्रपाळी लागली आणि दिवसा काही केल्या झोप लागेना. मागच्या महिन्यात मशीनवरच त्यांचा डोळा लागला. हातमोज्याचं टोक साच्याखाली चिरडलं, आतलं बोट थोडक्यात वाचलं. सुपरवायझर म्हणाला, पुन्हा डुलकी दिसली तर घरीच झोपा.

मायाला सुपरवायझरची भीती नव्हती. तिला पुढच्या डुलकीची भीती होती.

ती इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली. तिच्या हातात असलेली एकच गोष्ट म्हणजे संगणकाचा पंखा. आबांच्या उशापासून दोन हातांवर तो दिवसभर पूर्ण वेगानं घोंघावायचा, गरज असो नसो. तिनं ठरवलं, याला लागेल तेवढंच फिरवायचं. दौंडला स्टेशनजवळ गेणबा नावाचे जुने टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारे होते. त्यांच्याकडून ती पंख्याचा वेग कमी-जास्त करणारा मॉस्फेट, तापमान ओळखणारा थर्मिस्टर आणि किरकोळ सामान घेऊन आली. गेणबा म्हणाले, एवढ्याशा पंख्यासाठी एवढी यातायात करण्यापेक्षा बापाच्या कानात कापूस घाल. कापूस घालून झाला होता.

प्रोसेसर तापला की पंखा जोरात, निवला की हळू, असं सर्किट तिनं जोडलं. संध्याकाळच्या गारव्यात पंखा इतका हळू फिरला की आईला तो बंदच वाटला. आई मार्केट यार्डात कांदा निवडायला जायची. ती म्हणाली, "असलंच एखादं तुझ्या बापाच्या डोक्यालाबी जोडून दे. तेबी लई तापतंय."

दुसऱ्या दिवशी आबा आडवे झाले. डोळा लागतो न लागतो तोच पत्रा तापला, पंखा चढला आणि आबा दचकून उठून बसले. जरा वेळानं पंखा उतरला, आबा पुन्हा उठले. दिवसभर हेच. मायाला वाटलं, वेग झटक्यानं बदलतोय. तिनं मोठा कपॅसिटर टाकून बदल सावकाश केला. आबा आता सावकाश जागे होऊ लागले, एवढाच फरक पडला.

मग तिनं पंख्याकडं बघायचं सोडून आबांकडं बघितलं. मोठ्या आवाजानं ते उठत नव्हते, बारीक आवाजानंही नाही. आवाज बदलला की उठत होते. आणि डोळे उघडण्याआधी त्यांचे दोन्ही हात झटकन छातीशी यायचे. प्रेसचा आवाज बदलला की आधी हात मागं घ्यायचे, मग काय झालं ते बघायचं. इतक्या वर्षांत हे अंगात मुरलं होतं. आणि तिनं आवाज बदलत राहणारंच यंत्र बनवून त्यांच्या उशाशी लावलं होतं.

तिनं सर्किट काढून टाकलं. संगणकच बंद ठेवला आणि त्या दिवसाचं काम सोडून दिलं. खोली शांत झाली. आबांचा श्वास जड झाला, तशी ती दाराशी न हलता बसून राहिली.

थोड्याच वेळात हात छातीशी आले.

"मशीन का थांबलं?" आबांनी विचारलं.

"मशीन न्हाई, आबा. घरी हाय तुम्ही."

ते पत्र्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तुझं काम चालू कर, बाय. मला आवाजातबी झोप न्हाई आन् बिनआवाजातबी."

"आजच्या दिवस जाऊ नका."

"आन् उद्या?"

तिन्हीसांजेनंतर आबांनी डोळ्यांवर पाणी मारलं, डबा घेतला आणि ते कंपनीच्या बसला गेले; माया सोबत गेली. चढताना त्यांनी दांडा दोनदा चाचपला, तेव्हा कुठं तो हातात आला. बस वळणाआड जाईपर्यंत ती तिथंच उभी होती. मग घरी येऊन तिनं संगणक लावला आणि राहिलेलं काम भरायला घेतलं. पंखा पूर्ण वेगानं घोंघावू लागला. त्यात बदलण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.