फिरत्या फोटोतलं खाचर

रंभाबाईला राग यायला कारण लागत नाही, असं तिची सून सायली म्हणायची. त्या रविवारी मात्र कारण चारचाकीत बसून आलं होतं.

दिवाळी नुकतीच सरली होती. भुकूमच्या ओढ्याकडेच्या खाचरात भात पिकून पिवळं पडलं होतं, आणि कापणीला माणूस मिळत नव्हतं. गावातली सगळी माणसं बांधकामांवर. अमोल, तिचा मुलगा, पिरंगुटच्या कारखान्यात कामाला, आणि त्या रविवारी त्याची पाळी होती. म्हणून रंभाबाई स्वतःच विळा घेऊन निघाली. खाचराशी येऊन बघते तर बांधावर गाडी उभी, आणि उभ्या भातात, मधोमध, सतरंजी अंथरलेली. भात आडवं करून, त्यावर. एक बाई डबे उघडत होती. लहान मुलगी लोंब्या उपटून त्यांचा गुच्छ करून उभी होती आणि तिचा बाप तिचे फोटो काढत होता.

रंभाबाईच्या तोंडातून शब्द फुटला तो ओढ्यापलीकडे ऐकू गेला.

"कुनाच्या बापाचं रान हाय रं ह्ये?"

माणूस सभ्य होता. चटकन उठला. "काकू, चिडू नका. आम्ही वरच्या प्रकल्पात प्लॉट बुक केलाय. ही आपली सगळ्यांची बाग आहे ना, ओढ्याकाठची? तुम्ही इथं कामाला आहात का?"

कामाला! लग्न होऊन आली त्या सालापासून तिनं या खाचरात चिखल तुडवला होता. नवरा गेल्यावर एकटीनं बांध घातले होते. टेकडीवर बंगल्यांचे प्लॉट पाडणारा दिग्विजय दोनदा घरी येऊन गेला होता, खाचर द्या म्हणत. दोन्ही वेळा तिनं त्याला चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं होतं.

"बाग? कुनी सांगितलं तुमाला बाग हाय म्हनून?"

"वेबसाइटवर आहे की. पहिल्याच पानावर."

रंभाबाईनं हातातला विळा नुसता वर केला. मारायचा नव्हता तिला, पण त्या बाईनं डबे तसेच उघडे उचलले. मुलगी घाबरून हातातल्या लोंब्या तिला परत द्यायला लागली. रंभाबाईनं त्या घेतल्या नाहीत. घेऊन काय करायच्या? परत चिकटवायच्या?

वेबसाइट म्हणजे काय ते तिला मोघम ठाऊक होतं, कारण वरच्या खोलीतली भाडेकरीण तेच काम करायची. जुईली मूळची परभणीची. कोथरूडच्या एका लहानशा कंपनीत लोकांच्या वेबसाइट बनवायची. दोन वर्षांत ती भाडेकरू कमी आणि घरची जास्त झाली होती. रंभाबाईची भाकरी जिना चढून वर जायची, आणि जुईलीच्या आईनं धाडलेल्या ज्वारीच्या पापड्या खाली यायच्या.

संध्याकाळी रंभाबाई अमोलला घेऊन तिच्या खोलीवर गेली. "ती टेकडीवरल्या बंगल्यांची वेबसाइट दाव मला."

जुईलीचा चेहरा उतरला. रागाच्या भरात ते रंभाबाईच्या ध्यानात आलं नाही. लॅपटॉप उघडला, पान यायला बराच वेळ लागला, आणि मग आलं. आधी हिरवीगार टेकडी. ती सरकली. मग पांढरा बंगला, दारात लांबलचक गाडी. तोही सरकला. मग निळ्या पाण्याचा तलाव, त्यात पोहणारी गोरी माणसं. आणि मग खाचर. तिचं खाचर, भादव्यातलं, गुडघाभर हिरवं, कोपऱ्यात तिच्याच हातचा बांध. वर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. ती वाकून बघेपर्यंत तेही गेलं.

"थांबव की त्याला!"

"थांबत नाही, काकू. फिरून परत येईल."

परत आलं. अमोलनं घाईघाईनं वाचलं. "लिहिलंय, तुमची स्वतःची बाग, ओढ्याकाठी." खाली अगदी बारीक अक्षरात आणखी काहीतरी होतं, पण ते वाचायच्या आत पुन्हा टेकडी आली. रंभाबाईनं हात पुढं करून पडद्यावर पंजा दाबला, जसं काही चित्र पंज्याखाली थांबणार होतं. बोटांखालून टेकडी गेली, बंगला गेला, तलाव गेला.

"कुनी केलंय ह्ये?"

जुईलीची नजर खिडकीकडं गेली. खिडकी उघडीच होती, आणि खिडकीतून खाचर दिसत होतं. मग रंभाबाईला कळलं.

"तू?"

"आमच्या ऑफिसात झालंय. फोटो त्यांच्याकडून आले, पान मीच केलंय."

"आन तुला वळखू आलं न्हाई, कुनाचं रान हाय ते?"

"ओळखलं होतं, काकू."

खोटं बोलली असती तर बरं झालं असतं, असं क्षणभर अमोलला वाटून गेलं. रंभाबाईच्या कपाळाची शीर तट्ट फुगली होती.

"मी भांडले होते," जुईली खाली मान घालून सांगू लागली. "म्हटलं, पहिल्या पानावर हे फिरते फोटो नकोत. एकच ठेवा, जे खरोखर तिथं आहे त्याचा. खाली पत्ता आणि परवानग्या लिहा. माणसाला नीट वाचू तरी द्या. तर दिग्विजयसाहेब म्हणाले, एकच ठेवायचा तर काय ठेवू, मुरूम? म्हणाले, फोटो फिरते असले की माणूस कशापाशीच थांबत नाही. थांबला की प्रश्न विचारतो."

"आन माज्या रानाचं?"

"ते आमच्या सरांना सांगितलं मी. ते म्हणाले, चार सेकंद दिसतंय, कोण बघतंय."

"मला सांगितलंस? माज्या हातची भाकर खाताना आठवलं न्हाई व्हय?"

जुईलीच्या डोळ्यांत पाणी आलं. रंभाबाईनं ते पाहिलं आणि तिचा राग आणखी चढला. रान आपलं चोरीला गेलं आणि रडतेय ही!

"रडू नगंस माज्यापुढं," एवढं बोलून ती जिना उतरली.

पुढच्या रविवारी दिग्विजयच्या विक्री कार्यालयात गर्दी होती. गिऱ्हाइकं रविवारीच येतात, म्हणून तिनं मुद्दाम रविवार निवडला. अमोल नको नको म्हणत होता, तरी तिनं त्याला मोटारसायकल काढायला लावली. कार्यालय पौड रस्त्यालाच, सगळ्या काचांचं. आत भिंतीवर मोठा टीव्ही, आणि टीव्हीवर तेच फोटो फिरत होते. सोफ्यांवर दोन-तीन कुटुंबं चहा पीत बसली होती.

"या काकू," दिग्विजय हसत पुढं आला. "चहा घ्या. विचार बदलला की काय?"

"माजं रान तुज्या फोटूत कसं?"

"अहो, ते नुसतं कल्पना यावी म्हणून असतं. खाली स्पष्ट लिहिलंय तसं."

"कुटं?"

त्यानं टीव्हीकडं बोट केलं. सोफ्यावरच्या सगळ्यांनी तिकडं बघितलं. बारीक अक्षरं आली आणि गेली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर चष्मा काढून पुसला, पण तोवर बंगला आला होता.

"हे बघा," दिग्विजयनं आवाज खाली आणला. "चार सेकंद दिसतंय ते. एवढं काय मनावर घेता?"

"चार शेकंद तुज्या घरात शिरून तुजी तिजोरी उघडली, तर ती चोरी न्हाई व्हय रं?"

सोफ्यांवरच्यांनी कप खाली ठेवले. दिग्विजयनं तिच्या दंडाला धरून बाहेर न्यायला हात पुढं केला, पण अमोल मध्ये उभा राहिला. रंभाबाई चालत जाऊन टीव्हीच्या बाजूला थांबली, आणि जसजसा फोटो येईल तसतशी विचारू लागली.

"हा तलाव कुटं हाय?"

"होणार आहे."

"आन ही टेकडी?"

"ती... ती समोरची आहे. तिथून दिसते."

"ती वनखात्याची हाय. हितली शेरडं हाकलत्यात तिथनं. ह्यो बंगला?"

"तो नमुना आहे, काकू. आता पुरे."

"आन ह्ये माजं खाचर. मी इकल्यालं न्हाई, इकनार न्हाई." तोवर पुन्हा तलाव आला. तिनं पुन्हा आवाज चढवला. "ह्यो कुटं हाय?"

फोटो फिरत राहिले आणि ती विचारत राहिली. दुसऱ्या फेरीला दिग्विजय रिमोट शोधू लागला. तिसऱ्या फेरीला सोफ्यावरचे म्हातारे गृहस्थ उठून उभे राहिले. "पण मग तिथं प्रत्यक्षात आहे तरी काय?"

दिग्विजयनं झटकन जाऊन टीव्हीची वायर उपटली.

"मुरूम हाय," काळ्या पडद्याशेजारी उभी राहून रंभाबाई म्हणाली. "आन आखणीच्या लाल खुंट्या."

आठवड्याभरात खाचराचा फोटो निघाला. माफी कुणी मागितली नाही, तुडवलेल्या भाताचं कुणी नाव काढलं नाही. त्या गृहस्थांनी प्लॉट घेतला नाही असं अमोलच्या कानावर आलं. बाकीच्यांनी घेतला असावा. उरलेलं भात मायलेकरांनी आणि सायलीनं कापलं. रंभाबाईचा राग काही कापणीबरोबर उतरला नाही. वर जाणारी भाकरी बंद झाली. भाडं सायली आणायची. जिन्यात जुईली समोर आली की रंभाबाई भिंतीकडं तोंड करायची.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी जुईली दारात येऊन उभी राहिली. उंबऱ्याच्या आत आली नाही. हातात छापलेला कागद होता.

"काकू, आज हा फोटो आलाय ऑफिसात. सोमवारी तुमच्या खाचराच्या जागी हा चढवायचाय. फाइलच्या नावात घोटावडे लिहिलंय."

कागदावर एक बांधीव विहीर होती, चिऱ्यांची, भोवती आंब्याची जुनी झाडं.

"मग मला का सांगतीयास? ज्याची हाय त्याला सांग."

"त्याचं घर मला माहीत नाही. आणि मी एकटी गेले तर कोण विश्वास ठेवेल?"

रंभाबाई कागदाकडं बघत राहिली. "तुजी नोकरी?"

"जाईल बहुतेक."

रंभाबाईनं पदर खोचला, चपला घातल्या. घोटावड्याला जाणाऱ्या जीपमध्ये दोघी शेजारी बसल्या, पण रंभाबाईचं तोंड वाटभर बाहेर रस्त्याकडं. एकदा फक्त, गाडी खड्ड्यात आदळली तेव्हा, रंभाबाईनं जुईलीच्या मांडीवरचा कागद उडू नये म्हणून त्यावर हात ठेवला. लगेच काढून घेतला.

गावात पारावर कागद दाखवला तर पहिल्याच माणसानं विहीर ओळखली. एकनाथची. एकनाथ गोठ्यात म्हशीला पेंड घालत होता. पन्नाशीचा, अंगात बंडी, हात पेंडीनं माखलेले.

"ही हिर तुमची का?"

त्यानं हात झटकून कागद लांब धरला आणि हसला. "व्हय की. माज्या बापानं खांदल्याली. फोटू कुनी काडला वो?"

"इकलीया का?"

"न्हाई बा. का?"

जुईली पुढं झाली आणि सगळं सांगू लागली. आधी अडखळत, मग सरळ. मी कोण, फोटो कुठं आला, त्यावर काय लिहायला सांगितलंय. काहीच लपवलं नाही, काकूंच्या खाचराचंसुद्धा. ऐकता ऐकता एकनाथचं हसू विरलं, आणि मानेपासून वर एक लाली चढत गेली. ती रंभाबाईच्या ओळखीची होती.

"कुटं बसतुया त्यो?" त्यानं विचारलं.

"पौड रस्त्याला," रंभाबाई म्हणाली. "हात धुवा आन चपला घाला. त्याचं हापिस बंद व्हायच्या आत पोचू."